भाचा विमानतळावर चालतो

माझा भाचा विमानतळावर कामाला लागला ही बातमी ताईने जोह्यापासून पेणपर्यंत एका दुपारात पोचवली. पण पुढचा प्रश्न आला की ती अडखळायची.

"पायलट आहे का?"

"नाही."

"मग सामान चढवतो?"

"छे! तो चालतो."

"कुठे?"

"आतल्या आतच."

विचारणारा गप्प. नुसत्या चालण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर आमच्या आळीतल्या दोन मधुमेही मंडळींनी अर्ज कुठे करायचा तेही विचारून घेतलं.

खरं काय ते सांगतो. उलव्याला नवा विमानतळ झाला. कागदोपत्री तो नवी मुंबईचा, आमच्या रायगडात तो आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा, म्हणजे 'दिबांचा'. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं ये-जा करू लागली. ११६० हेक्टर जागा, पहिल्याच टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय, इमारतीला कमळाच्या पाकळ्यांचा घाट. आता एवढ्या मोठ्या टर्मिनलात पहारेवाले, आगवाले, सामानवाले, सफाईवाले असे सगळे एकमेकांशी वॉकीटॉकीवर बोलतात. आणि टर्मिनल जगात कुठलंही असो, ते जितकं देखणं तितकं वॉकीटॉकीच्या मुळावर उठलेलं. काचेला ऊन परतवायला धातूचा पातळ मुलामा असतो, तो उन्हाबरोबर रेडिओच्या लहरींनाही दारातूनच वाटेला लावतो. छपरात लोखंड, खांबांत लोखंड, खाली तळघरात बॅगांचे पट्टे. वर उभं राहून म्हटलेला 'हॅलो' जिन्याच्या पहिल्या वळणावर बसकण मारतो. मग छताला उपड्या बशीएवढे अँटेना लावत जायचे, ते केबलने जोडायचे आणि आवाज कानाकोपऱ्यात पोचतो की नाही हे बघायला एक माणूस हातात वॉकी देऊन चालवायचा. तो माणूस म्हणजे माझा भाचा.

एकदा चालून भागत नाही. एखादं दुकान उभं राहिलं, लोखंडी मांडण्या आल्या, खुर्च्यांची रांग इकडची तिकडे झाली, की पुन्हा चाल. शिवाय माणसं. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाणी लहरी पितं. रिकाम्या हॉलमध्ये खणखणीत येणारा आवाज गर्दीत मलूल होतो. "म्हणजे लोक नसले तर तुमचं यंत्र उत्तम चालतं," मी म्हणालो. भाचा म्हणाला, "मामा, कुठलंही खातं तसंच असतं."

लांब बोळात किंवा बोगद्यात बशा लावत नाहीत, तिथे गळकी केबल ओढतात. केबलच्या वेष्टनाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, त्यामुळे आवाज पुढे जाता जाता वाटेत सगळीकडे सारखा गळत राहतो. परदेशात याच्यावर फार डोकं चालवलं म्हणे. आमच्या आळीत ही केबल गेली पंचवीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला दूध घालते. पहिल्या घरची बातमी शेवटच्या घरी पोचेपर्यंत दुधात पाणी वाढत असेल, बातमीत नाही.

चालण्याची पद्धत अशी. नकाशावर चौकोन आखलेले असतात. प्रत्येक चौकोनात उभं राहायचं, त्याचा नंबर बोलायचा, आणि पलीकडच्याने आवाजाला पाचापैकी मार्क द्यायचे. एक म्हणजे काहीच कळलं नाही. दोन म्हणजे जिवाचा कान केला तर कळतं, पण सारखं 'पुन्हा सांग, पुन्हा सांग'. तीन म्हणजे जरा लक्ष दिलं की कळतं, अधूनमधून पुन्हा विचारावं लागतं. पाच म्हणजे लख्ख. पास व्हायला अशा कामात बहुधा ३.४ मागतात. ३.४ म्हणजे बारीकसारीक खरखर चालेल, पण पुन्हा सांगायची वेळ क्वचितच यावी.

हे ऐकल्यापासून मी संसाराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. "अहो, गॅस संपलाय" हा निरोप स्वयंपाकघरातून कारखान्यात चौथ्या हाकेला पोचतो, म्हणजे ओढूनताणून दोन. उलट "पानं घेतलीत" हे मात्र दोन भिंती आणि रंगाचा चालू कॉम्प्रेसर यांच्या पलीकडूनही मला लख्ख पाचाने ऐकू येतं. भाचा म्हणतो, हे शास्त्रात बसत नाही. बायको म्हणते, बरोब्बर बसतं.

कारखाना म्हणजे गणपतींचा. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो हे गणपतीच जाणे. आमच्याकडे कपाटावर गणपती, पलंगाखाली गणपती, आणि पाहुणा मुक्कामाला राहिला तर त्याच्या उशाशी सोंड न जोडलेले गणपती. शेड पत्र्याची. पत्र्याखाली ओल्या प्लास्टरच्या मूर्तींच्या रांगा. पत्रा लहरी परतवतो, ओल त्या पिते. भाच्याने आत येऊन एकदा चौफेर नजर फिरवली आणि म्हणाला, "मामा, ही शेड म्हणजे तळघराचंही तळघर आहे." असं कौतुक कारखान्याच्या वाट्याला प्रथमच आलं.

आमच्या सबंध आवारात मोबाईलला रेंज मिळते ती एकाच ठिकाणी: पाण्याच्या टाकीला खेटून, डावा पाय नळाच्या कट्ट्यावर, तोंड पेणकडे. पाय उतरला की फोन उतरला. पावसात एका हातात छत्री, पाठीशी टाकी, त्या अवस्थेत मी लाखाचे व्यवहार केले आहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटत असेल की हा माणूस नवस फेडतोय.

रेंज नसलेला माणूस बघण्यासारखा असतो. त्याला समोरच्याचं ऐकू येत नाही, म्हणून तो स्वतः ओरडतो. ओरडून भागलं नाही की चालायला लागतो, आणि ज्या एका जागी थोडी रेंज होती तीच आधी सोडतो. मग फोन तोंडासमोर पापडासारखा आडवा धरतो. मग हात उंच करून दोन दांड्या पकडतो आणि बोलायचं सोडून भोवतालच्यांना त्या दाखवतो. माझे सासरे फोन स्पीकरवर टाकून पितळी तांब्यात ठेवतात. पलीकडचा आवाज गाभाऱ्यातून आल्यासारखा येतो. शब्द एक कळत नाही, पण हात जोडावेसे वाटतात. एकदा त्यांनी विम्याच्या एजंटाला असेच हात जोडले, आणि पॉलिसी घेऊन बसले.

या रेंजपायी माझं नुकसान झालं ते मराठी व्याकरणामुळे. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी ठाण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. मी टाकीपाशी, पाय कट्ट्यावर. ते म्हणाले, "सव्वा फुटी, लोडाला टेकलेला, पीतांबर केशरी. आणि हे बघा, उजव्या सोंडेचा..." एवढ्यात पायाखालून मांजर गेलं आणि माझा पाय हलला. वाक्याचं शेपूट तुटलं. शेपटात 'नको' होतं.

इंग्रजाचं बरं आहे, तो 'नो' आधी म्हणून मोकळा होतो. आपण सगळं बोलून घेतो, समोरच्याला कामाला लावतो, आणि मग शेवटी 'नको' म्हणतो. रेंज गेली की नेमका नकार गळतो आणि होकार शिल्लक राहतो. मी उजव्या सोंडेचा गणपती मन लावून केला. डोळ्यांची आखणी स्वतः केली, ती मी इतर कुणाला देत नाही. आदल्या दिवशी ठाण्याला वेष्टन सुटलं. उजव्या सोंडेचं सगळं कडक, सोवळंओवळं मोठं. घरातल्या आजी पाटावरच बसल्या म्हणे, उठेचनात. त्यानंतर गिऱ्हाइकाचा मला जो फोन आला तो टाकीपाशी न जाताही ऐकू आला. पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या मूर्तींच्या मधोमध, पाचापैकी पाच.

दुसरा प्रसंग डोंबिवलीच्या दुकानदाराचा. त्याला नऊ इंची मूर्ती हव्या होत्या अठ्ठावन्न. मला ऐकू आलं अठ्ठ्याण्णव. टेम्पो गेला आणि चाळीस गणपती परत आले. लोकांकडे दीड दिवसाचा पाहुणा असतो, माझ्याकडे चाळीस जण वर्षभर माळ्यावर राहिले.

भाच्याने यावर उपाय सांगितला. रेडिओवर आकडे सुटे बोलतात. अठ्ठावन्न म्हणायचंच नाही, पाच-आठ म्हणायचं. विमानवाले तर 'नाइन'ला 'नाइनर' म्हणतात, घोटाळा नको म्हणून. मला पटलं. पुढच्या गिऱ्हाइकाने अठ्ठावन्न सांगितल्यावर मी खात्री करून घेतली.

"म्हणजे पाच-आठ ना?"

तिकडून दुखावलेला आवाज आला, "पाच-आठसाठी कोण फोन करतो हो? किरकोळ समजलात काय आम्हाला?"

शेवटी दिवाळीत मी बूस्टर मागवला. भाच्याला न विचारता. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि यावेळी ते ऐकू आलं असतं. खोक्यात एक डबी, दोन अँटेना आणि चिनी भाषेतला एक कागद होता. कागदावरच्या चित्रातला माणूस हसत होता, एवढ्यावर विश्वास ठेवून मी एक अँटेना कौलावर आणि एक पोटमाळ्यावर बसवला. मधे अंतर ठेवायचं असतं हे त्या हसणाऱ्या माणसाने सांगितलं नव्हतं. घरात चार दांड्या उभ्या राहिल्या. बायकोने माहेरी व्हिडिओ कॉल लावून त्यांना आमचं फोडणीचं वरण दाखवलं. मी शेडमध्ये, भर ओलाव्यात, खुर्चीवर बसून ऑर्डर घेतली. दोन्ही पाय जमिनीवर होते, त्यामुळे सवयीने बोलताच येईना.

तिसऱ्या दिवशी सगळ्या आळीची रेंज गेली.

लोक गच्चीवर चढले. काही स्टेशनकडे चालत गेले, तिथून रोह्याच्या गाडीत बसल्या बसल्या फोन करून परत आले म्हणतात. सगळ्यांनी मोबाईल कंपनीला शिव्या दिल्या, मीही दिल्या, किंबहुना मी जास्त दिल्या. एक स्थानिक पुढारी अर्ज घेऊन आले. माझं अक्षर चांगलं, म्हणून मजकूर मी लिहिला: 'तरी या अन्यायाची तातडीने दखल घ्यावी.' खाली पहिली सही माझी.

रविवारी भाचा आला. अंगणातच थांबला आणि कौलाकडे बघत राहिला.

"मामा, ते वर काय आहे?"

"कपडे वाळत घालायची काठी."

"तिला वायर आहे."

मग त्याने मला ओट्यावर बसवून हळू आवाजात समजावलं. हा डबा जे ऐकतो ते मोठं करतो. वरचा अँटेना आतल्याचं ऐकायला लागला की स्वतःचंच ऐकून स्वतःच ओरडत सुटतो. सत्यनारायणाला भटजींचा माईक कर्ण्यासमोर गेला की कर्णा किंचाळतो ना, तसा हा टॉवरच्या कानात अहोरात्र किंचाळतोय. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. टॉवर बिचारा बाकी कुणाचं ऐकणार कसं? आणि असला डबा परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे, सरकारची माणसं अँटेना घेऊन हुडकत येतात.

"पण तुम्ही विमानतळावर तेच करता ना?"

"मामा, तिथे परवाना असतो, मोजमाप असतं."

"म्हणजे तुम्ही मोजून किंचाळता."

रात्री साडेअकराला मी कौलावर चढलो. खालून बायको बॅटरी दाखवत होती, आणि शेजाऱ्याने खिडकीतून "काय शोधताय?" विचारल्यावर "मांजर" म्हणाली. सकाळी सगळ्या आळीत रेंज आली. अर्ज केला की काम होतं, हे पुढाऱ्यांनी चौकात सिद्ध केलं. पहिल्या सहीचा मानकरी म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ नासका निघाला. मी कुणाला काही बोललो नाही.

रेंजच्या बाबतीत आपलं धोरण ठरलेलं आहे. रेंज सगळ्यांना हवी, टॉवर शेजाऱ्याच्या गच्चीवर हवा आणि भाडं आपल्याला हवं. मोठ्यांचंही निराळं नसतं. दिबांच्या विमानतळावर विमानं सुरू झाली तेव्हा आत मोबाईलच्या रेंजवरून वाद झाला. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं, आम्हाला आमची यंत्रणा लावू देत नाहीत, आणि त्यांची वापरायची तर कंपनीमागे महिन्याला ९२ लाख मागतात. विमानतळाचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं. त्यात कोण बरोबर हे हमरापुरात बसून मी कशाला सांगू? पण तो आकडा वाचून मी बाहेर गेलो आणि टाकीशेजारच्या जागेकडे आदराने पाहिलं. तिथे उभं राहायला शेजारचे रोज येतात, आणि आजवर मी त्यांना वर चहा देत होतो.

जानेवारीत ताईच्या मनात आलं की पोराला पोपटी खायला घालायची. शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, जाडं मीठ. मी म्हटलं, डब्यात भरू. ताई म्हणाली, डब्यात वास मरतो. म्हणून मडकंच निघालं. हमरापुराहून मेमूने पनवेल, पुढे रिक्षा. काजळीने काळंकुट्ट झालेलं, तोंडाला पाला कोंबलेलं, अजून कोमट असलेलं मडकं मांडीवर घेऊन आम्ही त्या कमळासमोर उतरलो.

पहाऱ्यावरच्या जवानाने मडक्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा मडक्याकडे पाहिलं.

"इसमें क्या है?"

"शेंगा," ताई म्हणाली. "और अंडा. तुम खायेगा?"

त्याने पाला जरा बाजूला सारून आत वाकून पाहिलं. आतून वाफ आणि ओव्याचा वास आला. त्याचा चेहरा क्षणभर गावी जाऊन परत आला. मग त्याने तिकीट नसेल तर आत सोडता येणार नाही असं सांगितलं आणि आम्हाला बाजूला उभं केलं.

भाचा काचेपलीकडे दिसत होता. कामावर असताना त्याचा मोबाईल मुका असतो, त्यामुळे रिंग जात होती आणि तो खिशाला न जुमानता चालत होता. पाच पावलं, थांबला, वॉकी तोंडापाशी, बोलला, कागदावर टिकली. पुन्हा पाच पावलं. ताई बघत राहिली. "खरंच चालतो गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. तिला इतके दिवस शंका होती हे मला तेव्हा कळलं.

सुदैवाने त्याचा जोडीदार बाहेर आमच्याच बाजूला उभा होता, हातात दुसरा वॉकी आणि मार्कांचा तक्ता घेऊन. नागोठण्याचा पोरगा. ताईने त्याला आधी दोन अंडी दिली आणि मग ओळख सांगितली. पोरगा विरघळला. "मावशी, घ्या, बोला. पण एक लक्षात ठेवा. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. आणि बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं."

मी पोराला सावध करायला हवं होतं. आमच्या घराण्यात 'ओव्हर' म्हणणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही. पण माझ्या तोंडात शेंग होती.

ताईने यंत्र दोन्ही हातांनी धरलं, अंगठा बटणावर रोवला आणि सुरुवात केली.

"जेवलास का रे बाला? मी आलेय, बाहेर, काचेकडे बघ. नको, तिकडे नको, इकडे. मामा आलाय. पोपटी आणलीय, गरम आहे, वाल आपल्याच शेतातले. किती वाळलास! चालून चालून काय झालंय बघ. चपला कसल्या घालतोस? त्या मुलीकडच्यांचा निरोप आलाय, फोटो पाठव म्हणतात, मी म्हटलं पाठवते, पण तो दाढीतला नको..."

आत भाचा जागच्या जागी थांबला. त्याने वळून काचेकडे पाहिलं. वॉकी तोंडाशी नेला, बटण दाबलं, काही बोलला, सोडलं. इकडे ताई मुलीच्या मावशीपर्यंत पोचली होती. नागोठण्याच्या पोराने तक्त्यावर आधी चार लिहिले, खोडले, पाच लिहिले.

भाचा काचेपाशी धावत आला. दोन्ही हात वर केले. अंगठा दाखवला, बोट दाखवलं, मूठ मिटली, मूठ सोडली, पुन्हा मिटली, पुन्हा सोडली. ओठ हलत होते. बटण सोड. आई, बटण सोड.

ताईने अंगठा आणखी घट्ट दाबला आणि माझ्याकडे वळून भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "बघ, कसा हात हलवतोय. सगळं ऐकू जातंय त्याला."